आधी काय, मग काय : संगणकाच्या जागृतीतील क्रमाचा इतिहास



या व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा मी संयोजकांना विचारले होते, की गणिताच्या एका शिक्षकाच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानाला मराठीचा निवृत्त प्राध्यापक कशाला? उत्तर मिळाले, "सरांना व्याकरणही आवडत असे." या उत्तरापुढे मला काही बोलता येईना. म्हणून व्याकरण आणि गणित यांच्या सीमेवरचा एक विषय मी आज निवडला आहे. संगणकाची कळ दाबल्यापासून तो आपल्या हाती येईपर्यंत जे काही क्षण जातात, त्या क्षणांत कोणते काम आधी व्हावे आणि कोणते नंतर, हा क्रम चुकला तर काय होते, आणि तो चुकू नये म्हणून गेल्या पाऊणशे वर्षांत माणसांनी कोणते बंदोबस्त केले, याचा हा इतिहास आहे. मी यंत्रज्ञ नाही. पण क्रमाशी माझा संबंध आयुष्यभर आला आहे, कारण वाक्य म्हणजे तरी दुसरे काय असते?

नंदेसरीच्या श्रोत्यांना हा विषय परका वाटू नये. आपल्यापैकी अनेकांची हयात या वसाहतीतल्या रासायनिक कारखान्यांत पाळ्या करण्यात गेली. रिअ‍ॅक्टर सुरू करताना थंड पाणी आधी, मग स्टरर, मग दुसरे रसायन थोडेथोडे, हे तुम्हांला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. समजा, स्टरर सुरू करायचा राहिला आणि रसायन मात्र सोडत राहिले. वरवर काहीच घडत नाही. तापमान शांत असते. दोन द्रव्ये एकमेकांत न मिसळता साठत जातात. मग कोणाच्या तरी लक्षात येते आणि तो भला माणूस धावत जाऊन स्टररचे बटण दाबतो. तासाभरात सावकाश व्हायची ती प्रक्रिया आता एकदम पेटते. चूक सुधारण्यासाठी केलेली कृतीच अपघाताला कारण होते! म्हणूनच स्टरर फिरत नसेल तर रसायनाचा व्हॉल्व्ह उघडूच नये, अशी इंटरलॉकची सोय शहाणे लोक करतात. ही कल्पना रेल्वेइतकीच जुनी म्हणता येईल. रुळांचे सांधे जुळलेले नसतील तर सिग्नलचा दांडा हलूच नये, अशा यंत्रणेचे पेटंट इंग्लंडात जॉन सॅक्स्बी यांनी १८५६ मध्ये घेतले होते.

परंतु कारखाना आणि संगणक यांत एक मोठा भेद आहे. कारखान्यात रिअ‍ॅक्टर सुरू होण्यापूर्वीच तापमापक लावलेला असतो, भोंगा जोडलेला असतो, लॉगबुक घेऊन ऑपरेटर उभा असतो. संगणकाच्या पहिल्या क्षणी यांतले काहीच नसते. पडदा अजून जागा व्हायचा असतो. घड्याळ चालू व्हायचे असते. स्मृतीचा कोणता भाग मोकळा आणि कोणता राखीव, याचा हिशेब लागलेला नसतो. चूक झाली तर ती सांगणारी आज्ञावलीसुद्धा याच स्मृतीत आणि याच पडद्यावर अवलंबून असते. म्हणजे तक्रार नोंदवून घेणारा कारकूनच अद्याप कचेरीत हजर झालेला नसतो. अशा वेळी झालेली चूक एक तर मुकी राहते, किंवा पुष्कळ वेळाने, भलत्याच ठिकाणी, भलत्याच वेषात प्रकट होते. आजच्या विषयाचे सारे गांभीर्य या एका गोष्टीत आहे.

आरंभी हा प्रश्न फार लहान होता. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी आपली पहिली आज्ञावली चालवून दाखवली. या यंत्राला जागे करण्यासाठी डेव्हिड व्हीलर यांनी अवघ्या ३१ आज्ञा रचल्या होत्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरतात तसल्या फिरत्या स्विचांवर त्या तारांनी कायमच्या बसवलेल्या होत्या. सुरू करण्याचे बटण दाबले की त्या स्मृतीत उतरत आणि मग कागदी पट्टीवरची खरी आज्ञावली वाचून घेत. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात त्यांची सुधारलेली आवृत्ती आली. तीत ४१ आज्ञा होत्या. पुढे अशा आरंभीच्या आज्ञावलीला 'बूटस्ट्रॅप' असे नाव रूढ झाले. उंच बुटाच्या मागे तो ओढून चढवण्यासाठी एक वादी असते. तीच धरून स्वतःला जमिनीवरून वर उचलायचे, अशी ती गमतीची कल्पना आहे. आज आपण संगणक 'बूट' होतो असे म्हणतो, त्यात पायातला बूट खरोखरीच आहे, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते हसतात.

एडसॅकमध्ये क्रम तारांत होता. तो चुकायला कोणाला तरी पकड आणि पेचकस घेऊन बसावे लागले असते. पुढे कार्यप्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आली आणि वाढत गेली. तेव्हा हा क्रम तारांतून निघून लिखित ओळींत आला. ओळी वरखाली करणे किती सोपे असते, हे मुद्रिते तपासणाऱ्या कोणालाही विचारावे.

याचा अनुभव मला १९९४ च्या सुमारास आला. आमच्या विभागात एक संगणक होता. त्यावर एम. एस. डॉस ही कार्यप्रणाली चाले. तो सुरू होताना 'कॉन्फिग.सिस' आणि 'ऑटोएक्झेक.बॅट' अशा दोन छोट्या फाइलींतील ओळी वरून खाली वाचत असे आणि एकेक सोय स्मृतीत आणून बसवत असे. अमुक ओळ तमुक ओळीच्या आधीच हवी, असे त्यात बरेच सोवळे होते. उदाहरणार्थ, विस्तारित स्मृती सांभाळणारी 'हायमेम.सिस' आधी बसली नाही, तर तिच्यावर विसंबणारी 'ईएमएम३८६' बसूच शकत नसे. निदान ती तसे पडद्यावर सांगे तरी. सगळ्याच सोयी इतक्या प्रामाणिक नव्हत्या. आमची देवनागरीची सोय त्यांपैकी एक. ती आधी बसली आणि मग टंकनाची आज्ञावली उघडली, तरच कळफलकावर मराठी अक्षरे उमटत.

कोणी तरी एकदा स्मृतीत थोडी जागा मोकळी करण्यासाठी त्या ओळी हलवल्या. संगणक नेहमीसारखा सुरू झाला. पडद्यावर कसलीही तक्रार नव्हती. आमच्या टंकलेखिका बाई नजर हस्तलिखितावरच ठेवून टंकन करीत. तीच त्यांची ख्याती. बडोदे परिसरातील मराठी बोलीच्या शब्दसूचीचे काम चालू होते. त्यांनी सकाळभर जे टंकन केले, ते सारे रोमन अक्षरांच्या निरर्थक माळा होऊन जुन्या फाइलीच्या शेवटी जाऊन बसले. दुपारी त्यांनी मान वर केली तेव्हा प्रकार उघड झाला. नुकसान एका सकाळचेच. पण यंत्राने चूक केली आणि तोंड मिटून घेतले, ही गोष्ट मला विलक्षण लागली.

त्यानंतर आम्ही जे केले ते 'बैल गेला अन् झोपा केला' या जातीचे होते. 'आधी देवनागरी, मग टंकन' अशी चिठ्ठी संगणकाच्या माथ्यावर चिकटवली. ती पुढच्या रंगसफेदीत गेली. विज्ञान शाखेचा एक मुलगा आमच्याकडे येत असे. त्याने निराळेच केले. टंकनाची आज्ञावली उघडणाऱ्या ओळीच्या वर त्याने एक तपासणी घातली. देवनागरी जागी आहे का, एवढेच ती विचारी; नसेल तर यंत्र 'टूं' असा आवाज करून तेथेच थांबे. तो संगणक भंगारात जाईपर्यंत ती तपासणी चालू होती. चिठ्ठी माणसाच्या लक्षावर अवलंबून होती, तपासणी कोणावरच नव्हती. १९९३ मध्ये आलेल्या डॉसच्या सहाव्या आवृत्तीत निर्मात्यांनीही अशीच एक सोय दिली. सुरुवातीला एफ-८ ही कळ दाबली की प्रत्येक ओळ तुमची परवानगी घेऊनच पुढे जाई, आणि कोणत्या पायरीवर घोडे अडते ते डोळ्यांना दिसे.

येथे व्याकरणाकडे थोडे वळतो. संस्कृत शिकलेल्यांना 'रामाभ्याम्' आणि 'राजभ्याम्' ही रूपे आठवतील. अकारान्त शब्दापुढे 'भ्याम्' आला की 'अ' दीर्घ होतो, म्हणून 'रामाभ्याम्'. 'राजन्' मधला 'न्' गळून गेला की उरते 'राज'. तेही अकारान्तच दिसते. मग 'राजाभ्याम्' का होत नाही? पाणिनीने अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांची अशी मांडणी केली आहे, की तेथे झालेले बदल आधीच्या नियमांना दिसतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते घडलेलेच नसतात. 'न्' चा लोप या शेवटच्या भागात येतो. म्हणून दीर्घ करणाऱ्या नियमाला 'राज' च्या पुढचा 'न्' अजून तेथेच आहे असे भासते आणि तो स्वस्थ बसतो. शिष्याने क्रम ध्यानात ठेवावा, अशी सूचना पाणिनीने केली नाही. ग्रंथाची बांधणीच अशी केली, की उलटा क्रम संभवूच नये. संगणकाच्या रचनाकारांना ही युक्ती पुन्हा शोधून काढायला बराच काळ लागला.

आता पुण्याकडे येऊ. महासंगणक परदेशातून मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. त्याची कथा अभिमानाने पुष्कळदा सांगितली जाते. त्याच्या पोटातल्या एका लहानशा गोष्टीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. हा एक अखंड संगणक नव्हता. इन्मॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्यूटर नावाच्या अनेक चिपा एकमेकींना जोडून तो बनवलेला होता. प्रत्येक ट्रान्सप्यूटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे असत.

ट्रान्सप्यूटर जागा कसा होतो? त्याच्याजवळ स्वतःची कायमची आज्ञावली नसेल, तर तो चारही दुव्यांकडे कान लावून बसतो. ज्या दुव्यावरून पहिला बाइट येईल, त्याचा अर्थ तो असा लावतो : शून्य आले तर 'पुढे सांगतो त्या जागी हे लिही', एक आले तर 'त्या जागी काय आहे ते सांग', आणि त्याहून मोठी संख्या आली तर 'एवढे बाइट येत आहेत, त्या आज्ञा समज आणि चालव'. म्हणजे यजमान संगणक पहिल्या ट्रान्सप्यूटरला जागे करतो, तो आपल्या शेजाऱ्यांना, ते पुढच्यांना. दिंडीत एकाची हाक मागच्याने उचलावी, तशी जागृती जाळ्यातून पुढे सरकते.

येथे क्रम चुकला तर काय होईल, ते पाहा. शेजारी अजून झोपलेला आहे आणि आपण त्याला आज्ञावली न पाठवता घाईने माहिती पाठवली, समजा हवामानाचे आकडे. तो झोपलेला ट्रान्सप्यूटर माहितीचा पहिला बाइट 'किती आज्ञा येणार' याची संख्या म्हणून घेईल आणि तापमानाचे आकडे आज्ञा समजून इमानेइतबारे चालवू लागेल! त्याला दोष देता येणार नाही; सांगितले तेच तो करीत आहे. जाग आलेल्या ट्रान्सप्यूटरच्या घरातही क्रम असतोच. दुव्यांसाठी आणि घड्याळासाठी राखलेल्या स्मृतीच्या जागांवर 'येथे कोणी वाट पाहत नाही' अशी खूण आधी लिहायची, मगच घड्याळ सुरू करायचे. उलट केले तर घड्याळ त्या जागांतला जुना कचरा वाचून अस्तित्वात नसलेल्या कामाला हाक मारायला निघते.

त्याच १९९१ च्या सप्टेंबरात हेलसिंकीचा एक विद्यार्थी, लिनस टॉर्वाल्ड्स, लिनक्सची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवत होता. तिच्या आरंभीच्या आज्ञा एका लहानशा पानावर मावतील. घड्याळाची वेळ, टर्मिनल, चुकांचे सापळे, कामांची पाळी लावणारा विभाग, डिस्कसाठीची मधली साठवण आणि मग डिस्क, असा तो क्रम. हे सारे होईपर्यंत इंटरप्ट बंद. इंटरप्ट म्हणजे बाहेरच्या उपकरणाने दारावर मारलेली थाप. आत उत्तर द्यायला माणूस नसताना दार उघडले तर आलेला पाहुणा रिकाम्या घरात शिरणार, म्हणून सगळी मांडामांड झाल्यावरच कडी काढायची.

पाहता पाहता लिनक्स इतका वाढला, की तो क्रम कोणा एकाच्या डोक्यात मावेनासा झाला. मग बंदोबस्त वाढले. आरंभीची कामे पायऱ्यांत विभागली गेली : गाभ्याची आधी, मग यंत्ररचनेची, मग उपप्रणाली, मग फाइलींची व्यवस्था, मग उपकरणे, आणि सर्वांत शेवटी उशिराची म्हणून राखलेली. प्रत्येक लेखकाने आपले काम कोणत्या पायरीचे, एवढे सांगायचे. मात्र एकाच पायरीवरच्या दोन कामांतला क्रम फाइली कोणत्या अनुक्रमाने जोडल्या त्यावर ठरे, आणि ही फट बराच काळ त्रास देत राहिली. २०१२ मध्ये त्यावर एक नम्र तोड निघाली. एखाद्या उपकरणाच्या आज्ञावलीला हवी असलेली वस्तू अजून तयार नसेल, तर तिने अपयश न मानता 'मला नंतर विचारा' असे सांगून रांगेच्या शेवटी जायचे. दरवाज्यावरही पहारा बसला. आरंभीच्या टप्प्यात कोणी वेळेआधी इंटरप्ट चालू केलेले आढळले, तर लिनक्सचा गाभा तशी ठळक नोंद करतो, ते पुन्हा बंद करतो आणि मग पुढे जातो. विभागातल्या त्या मुलाच्या तपासणीचे हे थोरले भावंडच.

यंत्र थांबते ती चूक, खरे सांगायचे तर, सुदैवाची. न थांबणाऱ्या चुकीचे उदाहरण गणिताच्या वर्गाला शोभेल असे आहे. बँकेशी किंवा दूरच्या यंत्राशी गुप्तपणे बोलण्यासाठी संगणक दोन प्रचंड मूळ संख्या मनात धरतो आणि त्यांचा गुणाकार जाहीर करतो. गुणाकारावरून मूळ संख्या शोधणे जवळजवळ अशक्य असते, यावर सारी सुरक्षितता उभी आहे. त्या संख्या यादृच्छिक हव्यात. आणि ही यादृच्छिकता यंत्र कळांचे ठोके, डिस्कची हालचाल, अशा बाहेरच्या अनियमित घटनांतून हळूहळू गोळा करते. पण घराघरांतल्या राउटरसारखी छोटी उपकरणे आपली किल्ली पहिल्यांदा वीज मिळताच, काही क्षणांत बनवत. तेव्हा भांडे रिकामे असे. यादृच्छिक संख्या देणारा विभाग 'अजून तयार नाही' असे म्हणत नसे. तो जे असेल ते देऊन मोकळा होई.

२०१२ मध्ये नादिया हेनिंगर, झाकीर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि अ‍ॅलेक्स हाल्डरमन या संशोधकांनी इंटरनेटवरच्या लक्षावधी यंत्रांच्या जाहीर किल्ल्या गोळा केल्या. दोन उपकरणांनी रिकाम्या भांड्यातून तीच पहिली मूळ संख्या उचलली असेल आणि दुसरी मात्र वेगळी असेल, तर काय करायचे? शाळेत शिकवतात तेच : मसावि काढायचा. ७७ आणि ९१ यांचा मसावि ७; लगेच कळते, की एक ७ गुणिले ११ आहे आणि दुसरी ७ गुणिले १३. एवढ्याने दोन्ही कुलपे उघडली! युक्लिडची दोन हजारांहून अधिक वर्षांची जुनी रीत वापरून त्यांना सुरक्षित संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या टीएलएस यंत्रांपैकी सुमारे अर्ध्या टक्क्याच्या खासगी किल्ल्या मिळाल्या. त्या उपकरणांनी कधी तक्रार केली नव्हती. त्यांचे दिवे हिरवेच होते. ज्यांचे स्मरण आपण आज करीत आहोत, त्या सरांनी मसाविचा हा उपयोग वर्गात किती रंगवून सांगितला असता, असे हे वाचताना मला वाटले.

यावर २०१४ मध्ये लिनक्समध्ये 'गेटरँडम' ही नवी सोय आली. भांडे एकदा पुरेसे भरेपर्यंत ती मागणाऱ्याला थांबवून ठेवते. हा योग्य इंटरलॉक होता. तरी त्याचीही एक गोष्ट पुढे घडली. २०१९ मध्ये फाइलींच्या व्यवस्थेत एक सुधारणा झाली आणि सुरुवातीला डिस्कवर होणारी वाचने कमी झाली. काम जलद झाले, कोणालाही आनंदच व्हावा. पण डिस्कची तीच खडखड भांडे भरत होती. भांडे भरेना, मागणारा थांबून राहिला; तो थांबला म्हणून यंत्र पुढे सरकेना; यंत्र सरकेना म्हणून डिस्क स्वस्थ. एका वापरकर्त्याचा संगणक सुरू होता होता असाच अडकून राहिला. टॉर्वाल्ड्स यांनी ५.३ ही आवृत्ती प्रसिद्ध करण्यापूर्वी ती निर्दोष सुधारणाच मागे घेतली. पुढच्या ५.४ आवृत्तीपासून भांडे रिकामे असेल तर गाभा नुसता वाट पाहत बसत नाही; प्रोसेसरच्या गतीतील सूक्ष्म अनियमितता मोजून तो स्वतःच ते भरतो. मागे घेतलेली सुधारणाही मग परत घेता आली.

आता संगणकाची शिक्षिका मला खूण करीत आहे, की विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवावा. तिने दुपारी मला एमआयटीत अध्यापनासाठी तयार केलेली 'एक्सव्ही६' ही छोटी कार्यप्रणाली दाखवली. तिच्या आताच्या रूपात अनेक प्रोसेसर एकदम जागे होतात. परंतु पहिला सोडून बाकीचे सारे एका छोट्याशा खुणेकडे टक लावून थांबतात. पहिला सगळी मांडामांड करतो, लिहिलेले खरोखर स्मृतीत पोचले याची खात्री करून घेतो आणि मग ती खूण शून्याची एक करतो. तेव्हा बाकीचे हलतात. ही ओळ आमच्या मुलांनी मुद्दाम काढून पाहिली, असे ती म्हणाली. काही वेळा यंत्र नीट सुरू झाले, काही वेळा नाही. त्यांनी काय पाहिले, ते आता त्यांच्याच तोंडून ऐकावे.